चाकण की बुटीबोरी: आठव्या सत्रातील कार्यानुभवाच्या निवडीचे एक प्रकरण

नागपुरातील एका स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीपुढे सातव्या सत्राच्या मध्यावर, दिवाळीच्या तोंडावर, एकाच आठवड्यात दोन प्रस्ताव आले. पहिला पुण्याजवळच्या चाकण औद्योगिक पट्ट्यातील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा होता. गुणवत्ता विभागात सहा महिने काम, दरमहा १५,००० रुपये विद्यावेतन आणि काम समाधानकारक वाटल्यास पुढे नोकरीचा विचार, असे त्याचे स्वरूप होते. दुसरा प्रस्ताव नागपूरजवळच्या बुटीबोरीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्याचा होता, जिथे वितरण रोहित्रे म्हणजे डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मर तयार होतात. तिथे चाचणी विभागात जागा होती, दरमहा ८,००० रुपये आणि कंपनीची बस मिळणार होती, नोकरीबद्दल मात्र कोणतेही आश्वासन नव्हते. दोन्हीकडे आठ दिवसांत होकार किंवा नकार कळवायचा होता.

विभागातील इंटर्नशिपचा समन्वयक या नात्याने मी या निर्णयात सुरुवातीपासून शेवटपर्यंत सहभागी होतो. विद्यार्थिनीच्या संमतीने हे प्रकरण लिहीत आहे; तिचे नाव, गाव आणि दोन्ही कंपन्यांची नावे दिलेली नाहीत. दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माझ्याकडे येणारे बहुतेक विद्यार्थी "सर, कोणती कंपनी चांगली?" असा प्रश्न घेऊन येतात. तो प्रश्न बाजूला ठेवून "तिथे रोज मला काय काम देणार, आणि ते मला कोण शिकवणार?" हा प्रश्न आधी विचारला की निवड कशी बदलते, ते या एका उदाहरणात स्पष्ट दिसते असे माझे मत आहे.

निवडीचे वजन

आमच्या अभ्यासक्रमात आठवे सत्र जवळजवळ पूर्णपणे कार्यानुभवासाठी, म्हणजे इंटर्नशिपसाठी, मोकळे ठेवलेले आहे. जानेवारी ते जून विद्यार्थी उद्योगात असतो; उरलेले दोन वैकल्पिक विषय तो एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमातील ऑनलाइन अभ्यासक्रमांतून पूर्ण करतो. ज्याला बाहेर जायचे नाही त्याला महाविद्यालयातच प्रकल्प करण्याचा पर्याय खुला असतो. कागदावर ही रचना उत्तम आहे, पण तिच्यात एक अडचण आहे आणि ती समजण्यासाठी या पद्धतीचा उगम पाहावा लागतो.

शिक्षण आणि कारखान्यातील काम यांची आळीपाळीने सांगड घालणारी को-ऑप पद्धत अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी १९०६ मध्ये २७ विद्यार्थ्यांना घेऊन सुरू केली. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठ १९५७ पासून याच पायावर उभे राहिले. तिथे को-ऑपचा विद्यार्थी चार महिने वर्गात आणि चार महिने पगारी कामावर अशा फेऱ्या पदवी मिळेपर्यंत करत राहतो. आपल्याकडे पिलानीच्या बिट्स या अभियांत्रिकी संस्थेने १९७३ मध्ये सुरू केलेली प्रॅक्टिस स्कूल ही त्याच जातीची व्यवस्था म्हणता येईल. या पद्धतीत पहिली जागा चुकली तर दुसऱ्या फेरीत सुधारता येते, आणि पहिल्या कामातून "हे मला जमत नाही" एवढे जरी कळले तरी ती फेरी वाया गेली असे होत नाही. आमच्या विद्यार्थ्याला मात्र एकच सत्र मिळते, तेही शेवटचे, आणि ते संपताच पदवी हातात येते. चुकलेली निवड दुरुस्त करायला पुढचे सत्र उरत नाही. म्हणून इथे निवड करण्यापूर्वी जितकी चौकशी करावी लागते, तितकी फेऱ्यांच्या पद्धतीत कदाचित करावी लागणार नाही.

विद्यार्थिनी आणि तिचा दिवस

ती मूळची भंडारा जिल्ह्यातील. वडिलांची धानाची शेती, घरात आई, आजी आणि बारावीत शिकणारा धाकटा भाऊ. नागपुरात ती गोपाल नगरात इतर तीन मुलींसोबत भाड्याच्या खोलीत राहते. राज्य शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली, तिचा लाभ तिला मिळाला. त्यामुळे शुल्काची चिंता मिटली होती, पण राहण्या-जेवणाचा खर्च दरमहा घरूनच येत होता.

सकाळी साडेसातला खोलीवरून निघायचे, दिवसभर तासिका आणि प्रयोगशाळा, संध्याकाळी मेसचा डबा, मग रात्री दहापर्यंत जवळच्या अभ्यासिकेत गेट या अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेची तयारी, असा तिचा सातव्या सत्रातला दिवस होता. शनिवारी जर्नल आणि सबमिशन, रविवारी कपडे धुणे आणि घरी फोन. पाचव्या सत्रातला एक विषय राहिला होता. त्याची परीक्षा हिवाळी परीक्षेसोबतच द्यायची होती. गुणांच्या दृष्टीने ती वर्गात मध्यावर होती. मात्र यंत्रांच्या प्रयोगशाळेत तिचा हात चांगला होता, जोडणी करताना ती घाई करत नसे, आणि वाचन चुकले असे वाटले तर कोणी न सांगता पुन्हा घेत असे. हा गुण गुणपत्रिकेत कुठेही उमटत नाही, पण पुढे याच गुणाने निवड ठरवली.

सुरुवातीला तिचा कल स्पष्टपणे चाकणकडे होता. रक्कम जवळजवळ दुप्पट, नाव मोठे, नोकरीची शक्यता, आणि पुणे. खोलीतल्या मैत्रिणींनी तर अभिनंदनही करून टाकले होते.

तिसरा एक प्रस्तावही होता, त्याचा उल्लेख थोडक्यात करतो. घरबसल्या सहा आठवड्यांची ऑनलाइन इंटर्नशिप, शेवटी प्रमाणपत्र, आणि त्यासाठी विद्यार्थ्यानेच "प्रशिक्षण शुल्क" भरायचे. वर्गातल्या काहींना तो सोयीचा वाटला. जिथे काम करणाऱ्याकडूनच पैसे मागितले जातात ती जागा कार्यानुभवाची नव्हे, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले आणि विभागानेही ती प्रमाणपत्रे ग्राह्य न धरण्याचे ठरवले.

पैशांचा हिशेब

पहिल्या भेटीत मी तिला कोणताही सल्ला दिला नाही. एका कोऱ्या कागदावर दोन रकाने आखून दोन्हीकडचा मासिक खर्च लिहून आणायला सांगितले, आणि आकडे अंदाजाने न लिहिता फोन करून विचारून लिहायचे अशी अट घातली. दोन दिवसांनी तिने आणलेला हिशेब असा होता. पुण्याकडे भोसरी भागात कॉट बेसिसवर, म्हणजे सामाईक खोलीत एका खाटेपुरते, राहण्याचे ५,५००, मेसचे ३,५००, कारखान्यापर्यंत जाण्या-येण्याचे १,५०० आणि किरकोळ १,५००, एकूण १२,०००. म्हणजे १५,००० मधून ३,००० उरणार. नागपुरात आहे त्याच खोलीचा तिचा वाटा २,५००, मेसचे ३,०००, किरकोळ १,५००, आणि बस कंपनीची असल्याने प्रवासखर्च शून्य, एकूण ७,०००. म्हणजे ८,००० मधून १,००० उरणार.

विद्यावेतनातला सात हजारांचा फरक हातात उरणाऱ्या रकमेत दोन हजारांवर आला. सहा महिन्यांत बारा हजार. त्यातून घरी येण्या-जाण्याचा रेल्वेखर्च वजा केला तर आणखी कमी. तरीही तो फरक पुण्याच्याच बाजूने होता आणि तिच्या घरासाठी ती रक्कम लहान नव्हती, हे मान्य केले पाहिजे.

खरी अडचण वेगळीच निघाली. पहिले विद्यावेतन जानेवारी संपल्यावर मिळणार, पण कॉटची अनामत १०,००० रुपये आणि पहिल्या महिन्याचा सगळा खर्च आधीच लागणार होता. म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस सुमारे २२,००० रुपये रोख हवे होते. वडिलांचे धान खरेदी केंद्रावर जाणार होते, आणि धानाचे चुकारे, म्हणजे विक्रीचे पैसे, खात्यात केव्हा जमा होतील हे भंडाऱ्यातला कोणताही शेतकरी खात्रीने सांगू शकत नाही. वडील फोनवर मला म्हणाले, "सर, पैशाचं मी पाहून घेईन. पण चुकारे केव्हा येतील ते कोणाच्या हातात आहे?" त्यांनी उसनवारीची तयारी दाखवली होती. शिकत असलेल्या मुलीने पहिल्या पगाराआधीच घरावर उसनवारी आणावी का, हा प्रश्न तिला स्वतःला फार लागला, आणि तो मी तिच्यावरच सोडला.

वडिलांनी आणखी एक विचारणा केली. प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेबद्दल त्यांनी गावात ऐकले होते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेत तेव्हा दरमहा ५,००० रुपये मिळत, पण ती पूर्णवेळ शिक्षण घेत नसलेल्या २१ ते २४ वयोगटातील तरुणांसाठी होती. त्यामुळे पदवी हाती येईपर्यंत तिला तिथे अर्ज करता येत नव्हता.

दोन चौकशा

हिशेबानंतर कामाची चौकशी. चाकणच्या त्याच कंपनीत दोन वर्षांपूर्वी आमच्याच विभागातील एक विद्यार्थिनी सहा महिने राहून आली होती. तिचा क्रमांक शोधून हिने फोन केला. "ताई, तुम्हाला तिथे रोज काय काम असायचं?" एवढाच प्रश्न विचारायचा, कंपनी कशी आहे असे विचारायचे नाही, असे मी तिला सांगितले होते. ताईंनी मोकळेपणाने उत्तर दिले: पहिला महिना शिकण्यात गेला, विभाग फिरून पाहिले, लोक चांगले होते, पुढचे पाच महिने आलेल्या मालाचे तपासणी-तक्ते संगणकात भरणे आणि दर सोमवारच्या बैठकीसाठी आलेख तयार करणे हेच काम राहिले. विद्युत अभियांत्रिकीशी त्याचा संबंध फारसा आला नाही. कॅन्टीन उत्तम, बस वेळेवर, पैसे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला. ताईंची तक्रार काहीच नव्हती. त्यांना पुढे व्यवस्थापनाचे शिक्षण घ्यायचे होते आणि त्या अनुभवाचा त्यांना उपयोगही झाला.

ही माहिती मोलाची होती, कारण ती निंदा नव्हती. त्या कंपनीत वाईट काही नव्हते. प्रश्न एवढाच होता की या विद्यार्थिनीला जे शिकायचे आहे ते तिथे आहे का.

बुटीबोरीला आम्ही प्रत्यक्ष गेलो. वर्धा रोडवरून खापरीला मेट्रो संपते. त्यापुढे बुटीबोरीपर्यंत बस किंवा स्वतःचे वाहन. कारखान्याच्या चाचणी विभागाचे प्रमुख साठीकडे झुकलेले, पदविकाधारक, आणि बोलणे कमी. त्यांनी तिची मुलाखत घेतली नाही, तिला सरळ चाचणीच्या मेजापाशी नेले. समोर १०० केव्हीए क्षमतेचे, ११ केव्हीचे रोहित्र होते. उच्चदाब बाजूच्या वाइंडिंगचा, म्हणजे तारेच्या वेढ्यांचा, रेझिस्टन्स मोजून ठेवलेला होता: १७ ओहम, तेलाचे तापमान ३२ अंश. "पंचाहत्तरला किती होईल, सांग," एवढेच ते म्हणाले.

हे समजून घेण्याजोगे आहे. रोहित्राचा लोड लॉस, म्हणजे भारामुळे होणारी विजेची हानी, ७५ अंश सेल्सिअस तापमानाला गृहीत धरून नोंदवावा लागतो, कारण वापरात असताना वाइंडिंग तापलेली असते आणि तापमान वाढले की धातूचा रेझिस्टन्स वाढतो. वितरण रोहित्रांसाठीच्या भारतीय मानक ११८०, म्हणजे आयएस ११८०, मध्ये ५० टक्के आणि १०० टक्के भाराला एकूण हानी किती असावी याच्या मर्यादा दिलेल्या आहेत, त्याही याच तापमानाला. त्यामुळे कारखान्यातल्या ३२ अंशाच्या वाचनाचे ७५ अंशावर रूपांतर करावेच लागते. महाविद्यालयातल्या ओपन सर्किट आणि शॉर्ट सर्किट चाचणीत आम्ही लहान रोहित्रावर वाचने घेतो आणि समतुल्य मंडल काढून थांबतो. तापमानाची ही दुरुस्ती पुस्तकात असते, पण हाताखालून जात नाही.

तिने सूत्र आठवले. २३५ अधिक ७५ भागिले २३५ अधिक ३२, म्हणजे ३१० भागिले २६७. भ्रमणध्वनीवर गुणाकार करून म्हणाली, "एकोणीस पॉइंट सात, सर."

"आधी वाइंडिंग कशाची आहे ते तर विचार ना बेटा. तू तांबं धरूनच चालली."

वाइंडिंग ॲल्युमिनियमची होती. तांब्यासाठी २३५ हा स्थिरांक आहे, ॲल्युमिनियमसाठी २२५. तिने पुन्हा मांडले: ३०० भागिले २५७, उत्तर १९.८ च्या थोडे वर. फरक दशांशातला, पण चाचणी अहवालावर सही करणाऱ्याला तो माफ नसतो. त्यानंतरची वीस मिनिटे ते दोघे बोलत होते आणि मी बाजूला उभा होतो. तेलाची विद्युतरोधकता तपासण्याचे पात्र त्यांनी तिला दाखवले: दोन इलेक्ट्रोडमधले अंतर २.५ मिलिमीटर, दाब हळूहळू वाढवत न्यायचा, ठिणगी पडली की वाचन नोंदवायचे, आणि अशी सहा वाचने घेऊन सरासरी काढायची. "एका वाचनावर का नाही?" असे तिने विचारले. त्यांनी पात्रातल्या तेलाकडे बोट दाखवून सांगितले की एखादा तंतू, एखादा बुडबुडा नेमका मधे आला तर ते वाचन तेलाचे नसते, त्या कचऱ्याचे असते.

परतीच्या वाटेवर ती पहिल्यांदा स्वतःहून म्हणाली की इथे आपल्याला विचारणारे कोणी आहे.

घरचे प्रश्न

वडील पुढच्या रविवारी नागपूरला आले. त्यांचा पहिला प्रश्न होता, तिथे किती मुली आहेत. लेखा विभागात दोन महिला होत्या, चाचणी विभागात एकही नाही. हा प्रश्न जुनाट म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. मी कारखान्याला फोन करून चार गोष्टी विचारल्या: सकाळच्या सर्वसाधारण पाळीतच तिला ठेवणार का, चाचणी विभागाच्या जवळ महिलांसाठी स्वच्छतागृह आहे का, बसचा शेवटचा थांबा कोणता आणि उशीर झाल्यास सोडण्याची व्यवस्था काय, आणि उच्चदाब चाचणीच्या कुंपणाचे दार उघडताच पुरवठा आपोआप बंद होतो का. शेवटचा प्रश्न मुलींपुरता नाही, मी तो प्रत्येक विद्यार्थ्यासाठी विचारतो. उत्तरे समाधानकारक होती. स्वच्छतागृह कार्यालयाच्या इमारतीत, म्हणजे थोडे दूर होते, तेवढे सोडून. बस छत्रपती चौकात थांबत होती, जिथून गोपाल नगर फार दूर नाही.

आईने मात्र फोनवर वेगळीच बाजू घेतली. मुलगी पुण्याला जायला निघाली आहे तर जाऊ द्यावे, पुढे असेही बाहेर जावेच लागणार, असे त्यांचे म्हणणे होते. नागपूरच्या मुलांनी नोकरीसाठी पुण्याला जाणे हा आता विदर्भातल्या घराघरांतला शिरस्ता झाला आहे, आणि आईच्या बोलण्यात व्यवहाराचे शहाणपण होते. दोघांचे ऐकून घेतल्यावर वडील एवढेच म्हणाले की निर्णय तिचा.

परीक्षांचा अडथळा

गेटची परीक्षा फेब्रुवारीत होते आणि रुजू होणे जानेवारीत. तिने नोंदणी केलेली होती. गेटचा गुणांक तीन वर्षे ग्राह्य असतो आणि परीक्षा पदवीनंतरही देता येते, त्यामुळे या वर्षीचा प्रयत्न हा शेवटचा नव्हता. तरी वर्षभराच्या अभ्यासावर पाणी सोडायला ती तयार नव्हती. बुटीबोरीने परीक्षेआधी चार दिवसांची रजा कबूल केली. चाकणच्या मनुष्यबळ विभागाने नम्रपणे कळवले की पहिल्या दोन महिन्यांत रजा देण्याची पद्धत नाही.

एनपीटीईएलच्या दोन अभ्यासक्रमांचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात साप्ताहिक स्वाध्यायांपैकी उत्तम आठ धरले जातात, त्यांना २५ टक्के वजन असते आणि अंतिम परीक्षेला ७५. कामावरून थकून आलेला विद्यार्थी स्वाध्याय बुडवतो आणि एप्रिलमध्ये परीक्षेच्या वेळी धावपळ करतो, हे मी दरवर्षी पाहतो. तिने दोन्ही विषयांचे पहिले तीन आठवडे बसमध्ये येता-जाता पाहून संपवायचे ठरवले.

निर्णय आणि पत्र

सातव्या दिवशी तिने बुटीबोरीला होकार कळवला. चाकणच्या जागेसाठी तिने वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाचे नाव सुचवले आणि कंपनीने त्याला घेतले.

होकार कळवण्याआधी आम्ही एक गोष्ट केली, जी मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची वाटते. कारखान्याच्या मूळ पत्रात फक्त "प्रशिक्षणार्थी, चाचणी विभाग" एवढेच होते. आम्ही कामाचा महिनावार आराखडा लिहून पाठवला: पहिला महिना वाइंडिंग विभागात, दुसरा कोअर (पत्र्यांचा गाभा) आणि कॉइलच्या जोडणीत, पुढचे तीन महिने चाचणी विभागात, आणि शेवटचा महिना डिझाइन विभागात व अहवाल लेखनात. तिच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या व्यक्तीचे नाव, साप्ताहिक नोंदवहीवर त्यांची सही, परीक्षेची रजा, अपघात विमा आणि विद्यावेतनाची तारीख या बाबीही त्यात होत्या. कारखान्याने डिझाइनचा महिना पंधरा दिवसांवर आणला, बाकी मान्य केले. महाविद्यालय, विद्यार्थिनी आणि कारखाना अशा तिघांच्या सह्या त्या कागदावर झाल्या. मोठ्या कंपन्या असा आराखडा सहसा स्वीकारत नाहीत, कारण त्यांचे छापील नमुने ठरलेले असतात. मध्यम कारखान्यात मात्र मालक किंवा विभागप्रमुख समोर बसून बोलतो आणि एखादी ओळ बदलून देतो. नागपूरच्या परिसरात बुटीबोरी आणि हिंगण्यात असे शेकडो कारखाने आहेत, आणि आमचे विद्यार्थी त्यांच्याकडे फार कमी पाहतात याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रत्यक्षात काय घडले

आराखडा कागदावर होता तसा पार पडला नाही. जानेवारी वाइंडिंग विभागात नीट गेला; तारेचे वेढे मोजणे, थरांमधला कागद बसवणे, टॅप काढणे या गोष्टी ती कामगारांकडून शिकली. फेब्रुवारीत गेटची परीक्षा झाली. त्यानंतर आर्थिक वर्षाच्या अखेरची गर्दी सुरू झाली, रोहित्रे धडाधड तयार होऊ लागली आणि चाचणी विभागात माणूस कमी पडला, म्हणून तिला जोडणी विभागातून अर्ध्यावर उचलून चाचणीला लावण्यात आले. मार्चमध्ये बस संध्याकाळी उशिरा सुटू लागली. एका विषयाचे सलग तीन स्वाध्याय बुडाले. मी कारखान्याशी बोललो, वेळेची मर्यादा पुन्हा पाळली गेली, पण डिझाइन विभागातले पंधरा दिवस मात्र शेवटपर्यंत मिळाले नाहीत. हे नुकसान खरे आहे.

जे मिळाले तेही खरे आहे. एप्रिलमध्ये एका रोहित्राचा नो-लोड लॉस, म्हणजे भार नसतानाही होणारी हानी, मर्यादेपेक्षा वर आला. तिने वाचन पुन्हा घेतले, मीटरच्या जोडण्या तपासल्या, मग त्याच तुकडीतल्या आणखी दोन रोहित्रांची नोंद काढून तिन्हींचे आकडे एकत्र मांडले. तिन्ही वर होते, कमी-अधिक प्रमाणात. वाइंडिंगचा नो-लोड लॉसशी फारसा संबंध नसतो, तो मुख्यतः कोअरच्या पत्र्याचा आणि त्याच्या रचणीचा असतो, म्हणून तिने शोध तिकडे वळवण्याची सूचना केली. रचणीत पत्र्यांच्या सांध्यांमध्ये फट राहत असल्याचे आढळले. विभागप्रमुखांनी तिच्या नोंदवहीत त्या आठवड्याच्या पानावर सही करताना शेजारी दोन ओळींचा शेरा लिहिला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बाकी सगळे सोडून त्याच पानावर प्रश्न विचारले, आणि तिने एकाही उत्तरासाठी अहवाल उघडला नाही.

दोन्ही ऑनलाइन विषय ती उत्तीर्ण झाली, ज्याचे स्वाध्याय बुडाले त्यात जेमतेम. गेटमध्ये ती पात्र ठरली, पण चांगल्या संस्थेत प्रवेश मिळण्याइतका गुणांक आला नाही.

चाकणला गेलेल्या मुलाबद्दलही सांगितले पाहिजे, नाहीतर हे लेखन एकांगी होईल. त्याचे काम ताईंनी सांगितले होते तसेच, तक्ते आणि आलेखांचे राहिले. पण त्याने स्वतःहून त्या तक्त्यांमधून वारंवार येणाऱ्या दोषांची मांडणी केली, ती वरिष्ठांच्या नजरेत भरली आणि जूनमध्ये त्याला कायम नोकरीचे पत्र मिळाले. त्याच्या घरी तातडीने पगाराची गरज होती आणि पुण्यात त्याचे मामा राहत असल्याने अनामतीचा प्रश्नच नव्हता. त्याच्यासाठी चाकण हीच योग्य जागा होती. दोघांच्या निवडी वेगळ्या निघाल्या कारण दोघांचे हिशेब वेगळे होते, आणि दोघांनीही आपापल्या कामाची माहिती आधी काढली होती.

विभागाने यानंतर प्रस्ताव स्वीकारण्याच्या अर्जात तीन रकाने वाढवले आहेत: रोजचे अपेक्षित काम, लक्ष ठेवणाऱ्याचे नाव व पद, आणि त्या जागी पूर्वी काम केलेल्या एका विद्यार्थ्याशी झालेल्या बोलण्याचा सारांश. पहिला पगार येईपर्यंत लागणारी रोख रक्कम हा चौथा रकाना असावा असा माझा आग्रह आहे. तो अजून मंजूर झालेला नाही.

बुटीबोरीच्या कारखान्याने तिला पदवीनंतर एक वर्षासाठी पदवीधर शिकाऊ उमेदवार म्हणून घेण्याची तयारी दाखवली. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे आणि २०१९ च्या नियमदुरुस्तीत पदवीधरांसाठी किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरवले गेले. कारखान्याने त्यापेक्षा जास्त देऊ केले. तिने होकार देण्याआधी दोन गोष्टी लेखी मागितल्या आहेत: राहिलेले डिझाइन विभागाचे काम, यावेळी तीन महिन्यांचे, आणि मार्चमध्ये बस सुटण्याची निश्चित वेळ. पहिली गोष्ट कारखान्याने मान्य केली असून दुसऱ्या मुद्द्यावर बोलणे सुरू आहे.